साडेपाचचा भोंगा तीन वाजता

मराठवाड्यात मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाऊल टाकलं, हे सांगायला मला लाज वाटते. हवाई दलाच्या नोकरीने राजस्थानची वाळू खायला घातली, आसामच्या पावसात कुजवलं, पण नाशिकला गाडीत बसलं की थेट जिथे उतरता येतं ते नांदेड काही दाखवलं नाही. निवृत्तीनंतर कुणी 'हवाई संरक्षण' ह्या विषयावर बोलायला बोलावलं की मी पिशवी भरतो. बोलायला मला आवडतं, घरी कुणालाही विचारा. ह्या खेपेला लातूरच्या एका कॉलेजात भाषण होतं आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात हवाई हल्ल्याच्या सरावाला तज्ज्ञ म्हणून हजर राहायचं होतं. तज्ज्ञ! हा शब्द पत्रात वाचून मी दोन दिवस घरात छाती काढून फिरत होतो.

लातूर

सभागृह गच्च भरलं होतं. भरवलं होतं म्हणणं जास्त खरं, कारण दाराशी हजेरी चालली होती. पण मुलं ऐकायला लागली की हजेरीचा राग विसरतात, हा माझा अनुभव. मी त्यांना ज्वारीच्या रानातच नेलं. माळ्यावर उभा राहून लांबवर नजर ठेवणारा एक, तो आपला रडार. येणारं पाखरू कुठलं, आपलं की नासाडी करणारं, हे ओळखणारा दुसरा. आणि गोफण घेऊन उभा तिसरा. आता गोफणी नाना तऱ्हेच्या आहेत. लांबच्या माऱ्याची क्षेपणास्त्रं, जवळच्या माऱ्याची क्षेपणास्त्रं, आणि अगदी डोक्यावर आलेल्या ड्रोनसाठी तोफा. एकाच्या हातून निसटलं तर मागे दुसरा उभाच आहे.

"ह्या कामात आपण तयार आहोत," मी म्हणालो. टाळ्यांसाठी म्हणालो नाही. रडारच्या पडद्यासमोर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, जुनी यंत्रं पाहिली, नवी पाहिली, आणि आजची पोरं ती कशी हाताळतात तेही पाहिलं. माझ्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नाही.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतले एक म्हातारे गुरुजी उठले. धोतर, टोपी, हातात काठी.

"साहेब, आम्ही भूकंप बघितलेली माणसं. हादरा बसला की घर सोडून पटांगणात पळायचं, हे आम्ही लेकरांना घोकून घोकून शिकवलं. आता तुम्ही म्हणून राहिले की भोंगा झाला की आत पळा. ऐन वेळी पायांनी कोणाचं ऐकावं?"

"सरावाचं ऐकतील, गुरुजी!" मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. गुरुजी मात्र मान हलवत खाली बसले. त्यांना ते उत्तर पटलं नव्हतं, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी मुलांनी मला निलंगा राईस खायला नेलं. हातगाडीवरचा तो तिखट भात, वर कांदा. नाशिकच्या मिसळीच्या जोरावर मी मोठ्या ऐटीत "जरा तिखट टाका" म्हणालो. अरे बाप रे! नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. एक मुलगी पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "सर, ह्याच्यापासून संरक्षण न्हाई का काही?" सगळी खिदळली, मीही हसलो, पण हसताना आणखीच ठसका लागला.

नांदेड

नांदेडला सकाळी गोदावरी पाहिली आणि थबकलो. नदी आमचीच. पण आमच्याकडे ती अंगणात खेळणारी पोर, आणि इथे भरल्या संसाराची पोक्त बाई. पुलावर बराच वेळ उभा राहिलो. मग न्याहारीला खिचडी आणि खट्टा. पिवळ्या खिचडीवर तिळाचा, चिंचेचा आंबट पातळ खट्टा ओतायचा आणि हाताने कालवायचं. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला देतात. इथे ती खाऊन माणसं हमालीला जातात. मी दोनदा घेतली.

इथून भोकरच्या रस्त्याने जीप निघाली. भोकर मागे पडलं, हिमायतनगर अजून लांब होतं, त्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी गंमत झाली तिच्यासाठी गावाला कुणी चिडवू नये. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बायका ओळीने वेचणी करत होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसाने फुगलेल्या.

पहिला सराव

गावाचा भोंगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आहे. जुना, मोटारीवर चालणारा, गावापासून दूरच्या रानापर्यंत ऐकू जाणारा. तो सांभाळतात ख्वाजामियाँ. साठीला टेकलेले, उंच, बोटांना कायमचा वार्निशचा वास. बाजारात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्यांच्याकडे आणतात आणि ते तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून परत देतात. भोंगा त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याच घराकडे.

"माझं पोरगं, इम्रान, तिकडं सरहद्दीवर हाय, विमान पाडायच्या तोफेवर," त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. "साहेब, तो तिकडं बघून राहिला, मी इकडं. त्याला फोनवर सांगितलंय, आमच्या गावचा सराव एक नंबर होणार."

मी त्यांना काम समजावलं. धोक्याचा भोंगा वरखाली वाजतो, रडल्यासारखा. एकसारखा लांब वाजला तर धोका टळला. म्हणून मोटार चालू करा, बंद करा, पुन्हा चालू, पुन्हा बंद. दोन मिनिटं.

"हाव," ख्वाजामियाँ म्हणाले. पण म्हणताना त्यांनी मोटारीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते मला तिथेच खटकायला हवं होतं.

जिल्ह्याहून निरीक्षक मॅडम आल्या होत्या. तरुण, मोजकं बोलणाऱ्या, हातात तक्ता. त्यांची अट साफ होती: भोंगा झाल्यावर कामावर नसलेलं एकही माणूस उघड्यावर दिसलं तर सराव नापास. आणि नापास झालं तर हा भोंगा उतरवून दुसऱ्या गावाला देणार, इथे फक्त मोबाइलवर संदेश येणार. वेचणीच्या बाया मोबाइल बांधावर फडक्यात गुंडाळून ठेवतात, हे मी येतानाच पाहिलं होतं. रानातल्या माणसाला भोंग्याशिवाय दुसरं काही नाही.

दुपारी बरोबर तीनला भोंगा वाजला. एकसारखा! एका सुरात, लांबच लांब, दोन मिनिटं.

मी चौकात मॅडमजवळ उभा होतो. समोरच्या चहावाल्याने भोंगा ऐकला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "च्यामारी, सेल गेला वाटतं," म्हणत स्टूल ओढलं आणि काटे साडेपाचवर नेऊन ठेवले. शिंप्याने मशीनवर फडकं टाकलं. शाळेत शिपायाने सुट्टीची घंटा बडवली आणि दप्तरं उडवत सगळी शाळा पटांगणात! आणि पाच-दहा मिनिटांत रानाच्या वाटेने बायकांची ही रांग, डोक्यावर कापसाची गाठोडी, उघड्या रस्त्याने गप्पा मारत गावाकडे.

कारण ह्या गावात भोंगा म्हणजे वेळ. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच. आणि साडेपाचचा भोंगा झाला की सुट्टी. वर्षानुवर्षं सगळं गाव त्याच्यावर उठतं, जेवतं, घरी येतं.

"बागूल साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भोंग्याने माणसं आत जायला हवी होती ना? ही तर जी आत होती तीसुद्धा बाहेर आली."

वेचणीच्या टोळीची मुकादमीण सुमनबाई गाठोडं सावरत माझ्यासमोर थांबली. "आज दिस लई लवकर संपला, दादा. सूर्य तर अजून डोक्यावर हाय."

"अहो बाई, विमान आलं असतं ना!"

"मग कामून सुट्टीचा भोंगा वाजवला?" तिने विचारलं.

माझं डोकं फिरलं. मी गच्चीवर धाडधाड चढलो आणि ख्वाजामियाँवर ओरडलो. वयाने, मानाने माझ्या बरोबरीच्या माणसावर मी असं ओरडायला नको होतं, पण ओरडलो. "चालू-बंद करा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला!"

ते मोटारीच्या अंगावर तळहात ठेवून उभे होते, आई तापल्या लेकराच्या कपाळाला हात लावते तसे. "साहेब, दर खेपेला चालू करताना मोटार लई करंट खेचते. इतक्या वेळा चालू-बंद केली की वाइंडिंग जळतं. रोज माझ्या दुकानात येतात तशा जळलेल्या. आज सरावाला ही जाळली, अन् उद्या खरंच कोणी आलं, तर मी काय तोंडाने वाजवू?"

आयुष्यभर यंत्रं वापरली मी, पण ती दुरुस्त करणारी माणसं वेगळी होती. भोंगा कसा वाजायला हवा ते मला ठाऊक होतं. तो जगेल कसा ते ह्या माणसाला ठाऊक होतं. मी माफी मागितली. लातूरचे गुरुजी डोळ्यांपुढे आले आणि त्यांना दिलेलं उत्तर आठवून आणखी ओशाळलो. मॅडमना मी हात जोडून एक दिवस मागितला. उद्या सकाळी, वेळ कुणाला न सांगता, पुन्हा एकदा. त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "एकदाच."

झाकण

संध्याकाळी दुकानात मी आणि ख्वाजामियाँ समोरासमोर बसलो. मग उठून त्यांनी कोपऱ्यातला भट्टीचा पंखा चालू केला आणि हवा आत शिरण्याच्या तोंडावर पुठ्ठा धरला. आवाज दबला. पुठ्ठा काढला, आवाज चढला. पुन्हा धरला, पुन्हा काढला. हाच तो, रडणारा भोंगा!

"मोटार बंदच करायची न्हाई," ते म्हणाले. "भोंग्याचं नाक दाबायचं अन् सोडायचं. हवा बंद झाली की मोटारीवरचा भार उलटा कमी होतो, साहेब. तापणार बी न्हाई."

मी टेबलावर थाप मारली. "ख्वाजामियाँ, तुम्ही हवाई दलात असता ना, तर आम्ही तुम्हाला घरी जाऊ दिलं नसतं!"

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी झाकण केलं, त्याला बिजागरी, आणि ओढायला सायकलच्या ब्रेकची तार. मी पत्रा धरायचं काम केलं आणि अंगठा कापून घेतला. गच्चीवर झाकण बसवलं, पण वाजवून बघता येईना. रात्री अवेळी वाजवलं असतं तर गाव पुन्हा गोंधळलं असतं. चालेल की नाही, हे उद्याच कळणार होतं.

गावात सांगायचं काम सुमनबाईने आणि मशिदी-मंदिरांच्या कर्ण्यांनी केलं. सुमनबाईची भाषा माझ्या भाषणापेक्षा सरस निघाली. "सरळ वाजला तर घर, रडला तर दडायचं. रानात असलात तर ओढ्याच्या काठाखाली पालथं पडायचं, कान झाकायचे. अन् ओटीतला कापूस सांडला तर सांडू द्यायचा, जीव काय पुन्यांदा वेचता येतो का?"

जेवायला ख्वाजामियाँनी घरी नेलं. मेहरूनभाभींनी तहारी, म्हणजे पिवळा मसालेदार भात, केला होता, सोबत अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला पोळी करतात, भाकरी म्हणजे घरचं जेवण. इथे भाभींनी माझ्यासाठी म्हणून मुद्दाम पातळ, मोठाली भाकरी थापली आणि मी चार खाल्ल्या. भाभी बोलायला चटपटीत. "ह्यांच्यावर पहिल्यांदा कोणी ओरडलं ते तुम्ही. मी पस्तीस वर्षं कोशिश करून राहिले," म्हणाल्या. ख्वाजामियाँ ताटात बघून हसले.

तेवढ्यात इम्रानचा फोन आला. आवाजात वारं घुमत होतं.

"अब्बा, झाला का सराव?"

ख्वाजामियाँनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उद्या हाय, बेटा."

"नीट करा. तुम्ही गाव आत नेलं, तर आम्हाला इथं बाकीची फिकर न्हाई."

ख्वाजामियाँनी फोन उलटा करून ठेवला. भाभींनी मला आणखी भात वाढला.

दुसरा सराव

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी ख्वाजामियाँबरोबर गच्चीवर होतो. मॅडमनी चौकातून रुमाल हलवला. ख्वाजामियाँनी "बिस्मिल्ला" म्हणून खटका दाबला. मोटार घरघरली, आवाज चढत चढत शिगेला गेला, आणि त्यांनी तार ओढली.

झाकण अडकलं.

तार ताणली गेली, पत्रा जागचा हलेना, भोंगा एकसारखा वाजत राहिला. खाली चहावाला दारात येऊन घड्याळाकडे बघायला लागला. ख्वाजामियाँनी तार सोडली, पुढे झुकले आणि तळहाताने झाकण दाबलं. आवाज खोल खाली गेला. उचललं, आवाज वर उसळला. दाबलं, उचललं. दाबलं, उचललं. भोंगा रडायला लागला!

काय सांगू, असा आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय, पण असा हाताने काढलेला पहिल्यांदाच. चौक माझ्या डोळ्यांसमोर रिकामा झाला. शटर खाली आली. शाळेच्या पटांगणातली मुलं ओळीने वर्गात शिरली. लांब रानात रंगीत लुगड्यांची रांग क्षणभर उभी राहिली, मग सुमनबाईचा हात वर गेला आणि सगळ्या ओढ्याच्या काठाखाली दिसेनाशा झाल्या. नुसतं पांढरं रान उरलं. गाव आत गेलं होतं.

"ख्वाजामियाँ, जमलं!" मी त्यांच्या कानात ओरडलो. "पुढच्या वेळी तार लांब करू, तुम्हाला खालून, आडोशातून ओढता येईल!"

"करू की," ते झाकण दाबतच ओरडले. "पण असं अडकलं तर वर कोण बघणार?"

मी उत्तर देणार तेवढ्यात खाली गल्लीत नजर गेली. सगळ्या मोकळ्या गावात एक बाई उभी होती. मेहरूनभाभी. घराबाहेर, भर रस्त्यात, डोक्यावर पदर, मान वर करून गच्चीकडे बघत. मी हातवारे केले, आत जा, आत जा! त्या हलल्या नाहीत. चौकाच्या कडेला मॅडम उभ्या होत्या आणि त्यांनी भाभींना पाहिलं होतं. ख्वाजामियाँनीही पाहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला, पण हात थांबला नाही.

एकसारखा भोंगा देऊन सराव संपला तसा मी जिने उतरत धावलो. मॅडम माझ्या आधी भाभींपाशी पोचल्या होत्या.

"भाभी!" मला राग आवरेना. "घरचाच भोंगा, आणि तुम्हीच बाहेर? काल दिवसभर काय चाललं होतं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक हाय," भाभी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "लेकरू तिकडं तोफेपाशी उघड्यावर हाय. हे इथं गच्चीवर उघड्यावर. मी एकलीच आत जाऊन कोणासाठी दडू?"

ख्वाजामियाँ खाली आले होते. उजवा तळहात पत्र्याने चिरला होता, त्यावर रुमाल गुंडाळलेला. ते बायकोशेजारी जाऊन उभे राहिले आणि मॅडमच्या हातातल्या तक्त्याकडे बघत राहिले.

मॅडमनी तक्ता माझ्यापुढे धरला. तज्ज्ञाने भरायचा रकाना होता: भोंग्यानंतर उघड्यावर आढळलेल्या व्यक्ती, आणि कारण. "ख्वाजामियाँचं कळलं," त्या हळू म्हणाल्या. "ह्यांचं काय लिहिणार?"

मी पेन घेतलं. आयुष्यभर पडद्यावरचा एकेक ठिपका ओळखून आपला की परका ते सांगितलं, त्यात कधी चुकलो नाही. त्या दिवशीही चुकलो नाही. मी लिहिलं: 'दोन व्यक्ती. दोघेही कामावर.'

मॅडमनी वाचलं. एकदा भाभींकडे पाहिलं. आणि खाली सही केली.